सोमवारची गोळी आणि छातीतली आग

देवगडकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासूबाई ६८ वर्षांच्या. मागच्या श्रावणात परसदारच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर कोल्हापूरला हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली, कण्याचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाशी तुलनेचा आकडा) उणे ३.१ आला, म्हणजे हाडं बरीच ठिसूळ. हाडांच्या डॉक्टरांनी अ‍ॅलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची, हाडांची झीज रोखणारी आठवड्याची गोळी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू केलं. त्यांना पित्ताचा त्रास दहा-बारा वर्षांचा, रोज सकाळी पॅन्टोप्राझोल ही पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी चालू. तिसऱ्या सोमवारनंतर छातीत इतकं जळायला लागलं की त्यांनी गोळ्यांची पट्टी कपाटात ठेवून दिली, त्याला आता तीन आठवडे झाले. ताई विचारतात, गोळी सोसत नसेल तर हाडांचं काय करायचं? आणि पित्ताची गोळीच हाडं पोखरते म्हणतात, ते खरं का?

ताई, सासूबाईंनी गोळी थांबवली ते बरोबरच केलं. गिळल्यावर छातीत आग पडत असताना नेमाने दर सोमवारी गोळी घेत राहणं हे या औषधाच्या बाबतीत घातक ठरू शकतं. चुकलं ते पुढचं. पट्टी कपाटात गेली आणि ज्यांनी लिहून दिली त्यांना कोणी कळवलं नाही. कुडाळला मी पंचवीसहून अधिक वर्षं रुग्ण बघतोय. आमच्याकडे हाडांची औषधं अशीच गुपचूप बंद पडतात आणि डॉक्टरांना ते कळतं पुढचं हाड मोडल्यावर. तीन आठवड्यांच्या खंडाने काही बिघडलेलं नाही. पण एक हाड मोडल्यानंतरची पहिली एक-दोन वर्षं दुसरं मोडण्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट असतात, आणि तीनच गोळ्या पोटात गेल्यात म्हणजे हाडात औषध साठलंय असंही नाही. तेव्हा महिन्या-दीड महिन्यात पुढची वाट ठरायला हवी.

त्याआधी एक नकोसा प्रश्न विचारतो. ही जळजळ गोळीचीच, हे ठरवलं कोणी? अडुसष्ट वर्षांच्या बाईला नव्याने छातीत जळायला लागलं तर माझ्या डोक्यात पहिलं नाव हृदयाचं येतं. घाटी चढताना किंवा विहिरीवरून कळशी आणताना जळजळ वाढते आणि बसलं की थांबते का? सोबत घाम, दम, जबडा किंवा डाव्या हातात कळ येते का? यातलं एक जरी ‘हो’ असेल तर त्याच दिवशी ईसीजी काढा. मधुमेह असेल तर ही लक्षणं इतकी स्पष्ट नसतातही. ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पिऊन झोपलेली आणि पहाटे हार्ट अ‍ॅटॅक घेऊन आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

हृदय नाही हे नक्की झालं की अन्ननलिकेकडे वळू. गिळताना दुखणं, घास छातीत अडकल्यासारखा वाटणं, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शी, कारण नसताना वजन उतरणं यातलं काही असेल तर आधी एंडोस्कोपी करायची, ज्याला आपल्याकडे दुर्बिणीची तपासणी म्हणतात. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शी तशीही काळी होते, हे सांगून ठेवतो, नाहीतर उगाच घाबराल.

आता ही गोळी असं का करते ते. अ‍ॅलेन्ड्रोनेट हाडाला कितीही चांगलं असलं तरी अन्ननलिकेच्या कातडीला ते लागतं. गोळी मध्येच चिकटून विरघळली तर तिथे चट्टा पडतो, कधी खोल जखम होते. १९९५ मध्ये हे औषध अमेरिकेत आलं आणि १९९६ मध्येच अन्ननलिकेच्या जखमांच्या नोंदी छापून आल्या. त्या रुग्णांत बऱ्याच जणी घोटभर पाण्याबरोबर गोळी घेणाऱ्या, घेऊन आडव्या पडणाऱ्या, किंवा दुखायला लागल्यावरही तशीच चालू ठेवणाऱ्या होत्या. मोठा पेलाभर पाणी आणि ताठ बसणं यांचा एवढा आग्रह असतो तो यामुळे. आता ज्यांच्या घशाशी मुळातच आंबट पाणी येतं, त्यांच्यात गोळी वरून लागते आणि आम्ल खालून. खरचटलेल्या जागेवर कोकमाचं आगळ ओतावं, तसं होतं.

म्हणून माझ्याकडे अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी औषध बदलायच्या आधी विचारतो, सोमवारी सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा. उत्तरं ऐकण्यासारखी असतात. ‘डॉक्टरानू, घोटभर पाण्यावांगडा घेतलंय आणि परत आडवी पडलंय.’ कोणी मिश्री लावून झाल्यावर चहाबरोबर घेतं. कोणी गोळी मोठी वाटते म्हणून अर्धी करून चघळतं. आणि एक गोंधळ तर हमखास आढळतो. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूलही आठवड्याला एकदा असते, म्हणून दोन्ही ‘आठवड्याच्या गोळ्या’ एकाच दिवशी दुधाबरोबर घेतल्या जातात. दुधातलं कॅल्शियम अ‍ॅलेन्ड्रोनेटला आतड्यातच बांधून टाकतं, त्यामुळे गोळीचा त्रास तेवढा उरतो आणि उपयोग काहीच नाही.

मुळात या गोळीतलं एक टक्कासुद्धा रक्तात उतरत नाही. ७० मिलिग्रॅममधलं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, तेही पोट रिकामं आणि फक्त साधं पाणी असेल तर. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर त्यातलंही साठेक टक्के वाया जातं.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती मला अजून टोचते. दवाखाना टाकून फार दिवस झाले नव्हते. एका आजींना ही गोळी दिली, चिठ्ठीवर ‘उपाशीपोटी’ एवढंच खरडलं आणि पुढचा रुग्ण बोलावला. आजी पहाटे तीन-चारला लघवीला उठायच्या. पोट उपाशीच आहे की, म्हणून तेव्हाच एक घोट पाण्याबरोबर गोळी घ्यायच्या आणि पुन्हा अंथरुणावर. माझ्या चिठ्ठीप्रमाणे त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चौथ्या आठवड्यात थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी येतंय अशा अवस्थेत मुलाने त्यांना आणलं. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या मधोमध जखम निघाली. ती भरली, पण आजींनी नंतर हाडांसाठी काहीही घ्यायला ठाम नकार दिला, आणि त्यांना मी दोष देऊ शकत नाही. तेव्हापासून पहिली गोळी कशी घ्यायची ते मी समोर बसवून, पेला हातात देऊन दाखवतो.

ती पद्धत अशी. सकाळी उठल्यावर चूळ भरा, पण मिश्री नको, चहा नको. मोठा पेलाभर, म्हणजे सुमारे २०० ते २४० मिली साधं पाणी घ्या. विहिरीचं, नळाचं, उकळून गार केलेलं, कोमट, काहीही चालेल. लिंबू-मध घातलेलं नको, बाटलीतलं खनिजयुक्तही नको. उभं राहून किंवा ताठ बसून गोळी अख्खी गिळा आणि पेला संपवा. त्यानंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि वाकायचंही नाही. हे वाकण्याचं कोणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो. अंगण झाडणं, सारवणं, रांगोळी, चुलीसमोर ओणवं होऊन फुंकर घालणं हे सगळं नंतर. तुळशीला पाणी घालून या, ओटीवर बसून पेपर वाचा. अर्ध्या तासाने पित्ताची गोळी, मग आणखी अर्ध्या तासाने पेज किंवा घावणे, जे असेल ते. कॅल्शियम मात्र दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर. जेलुसिल, डायजीनसारखी पातळ औषधंही त्या अर्ध्या तासात नकोत. त्यांतलं अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमही या गोळीला बांधून ठेवतं.

तुमच्या सासूबाईंनी गोळी चुकीच्या पद्धतीने घेतली असेल आणि पित्ताचा त्रास महिन्यातून एकदा-दोनदा, जत्रेतलं तिखट खाल्ल्यावर होणारा असता, तर मी म्हटलं असतं की जळजळ पूर्ण थांबू दे, मग नीट पद्धतीने एकदा बघू. अशा बऱ्याच जणींना ती पुढे सोसते. पण दहा-बारा वर्षांचा त्रास, रोजची गोळी चालू असूनही घशाशी येणं आणि त्यावर हे, अशा वेळी मी परत तोंडाने गोळी देत नाही. याचं एक कारण फारसं बोललं जात नाही. अ‍ॅलेन्ड्रोनेटची जी मोठी चाचणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत खऱ्या आणि खोट्या गोळीच्या गटांत पोटाच्या तक्रारी जवळपास सारख्याच निघाल्या. ती चाचणी दाखवून ‘गोळी पोटाला सुरक्षित आहे’ असं सांगितलं जातं. पण अपचनासाठी रोज औषध लागणाऱ्या बायकांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं! म्हणजे तुमच्या सासूबाईंसारखी बाई तीत नव्हतीच. तो निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही.

‘मग दुसरी कंपनी किंवा दुसरी गोळी देऊन बघा’ हा पुढचा आग्रह असतो. राइसेड्रोनेट आठवड्याची ३५ मिलिग्रॅम मिळते, आयबँड्रोनेट महिन्याची १५० मिलिग्रॅम मिळते. आयबँड्रोनेटनंतर तर एक तास ताठ राहावं लागतं, आणि खुब्याचं हाड वाचवल्याचा त्याचा पुरावाही कमजोर आहे. सौम्य त्रास असलेल्यांना यांतली एखादी जमते. पण एकीने अन्ननलिका सोलली असताना तिच्याच घरातली चुलतबहीण आणून बसवण्यात मला अर्थ दिसत नाही. अन्ननलिका अरुंद झालेली असेल, किंवा अर्धा तास ताठ बसणंच शक्य नसेल, तर या सगळ्याच गोळ्या वर्ज्य. एंडोस्कोपीत बॅरेट्स निघालं, म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं अस्तर बदललेलं दिसलं, तरी मी गोळी टाळतो.

औषधाचा गट तोच ठेवायचा, वाट बदलायची. याच गटातलं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम सलाईनमधून वर्षातून एकदा देतात. कमीत कमी पंधरा मिनिटं लागतात, मी सावकाश अर्ध्या तासात देतो. ते अन्ननलिकेला लागत नाही, म्हणून पित्तवाल्यांसाठी माझी पहिली पसंती हीच. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत मणक्याचे नवे फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी झाले. आणि आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर ‘वर्षाक एकदा, मगे इसारलंस तरी चलता.’

पण ‘एकदाच’ म्हणून ते डोळे झाकून घेऊ नका. आधी क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंडाचं काम किती आहे ते काढायचं. तो आकडा, म्हणजे ईजीएफआर, ३५ च्या खाली असेल तर हे इंजेक्शन नाही. रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसं हवं, नाहीतर इंजेक्शननंतर कॅल्शियम खाली जाऊन हातपाय वळतात, ओठांना मुंग्या येतात. समुद्रकाठी राहून ड जीवनसत्त्व कमी कसं, असं लोक विचारतात. डोक्यावर पदर आणि दुपारी घराच्या सावलीत असलेल्या बाईला समुद्र जवळ असून काय होणार? दातांचंही बघून घ्या. हलणारे, किडलेले दात काढायचे असतील तर आधी काढून जखम भरू द्या, कारण या औषधांवर असताना दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा क्वचित होणारा प्रकार असतो. मिश्रीने हिरड्या गेलेल्या बायकांना मी हे दोनदा बजावतो. मिश्री म्हणजे तंबाखूच. तिने घशाशी येणंही वाढतं आणि हाडाचंही भलं होत नाही.

इंजेक्शननंतरचा ताप हा या औषधाचा ठरलेला पाहुणा. पहिल्या वेळी शंभरातल्या तिसेक जणांना ताप, अंगदुखी, डोकेदुखी होते. बहुधा एक-दीड दिवसात सुरू होते आणि तीन दिवसांत जाते. दुसऱ्या वर्षी तो आकडा सातच्या आसपास येतो, तिसऱ्या वर्षी तीनच्या. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी भरपूर पाणी आणि वेळेवर पॅरासिटामॉल यांनी तो बराच आटोक्यात राहतो. पित्तवाल्यांनी अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या वाटेला जायचं नाही. मनगट मोडलं तेव्हा दिलेल्या गोळ्या घरात उरल्या असतील तर त्या आधी फेकून द्या. कदाचित आत्ताच्या जळजळीतही त्यांचा हात असेल, हे विचारून घ्या.

आमच्या सिंधुदुर्गात या तापाबद्दल एक जादा काळजी घ्यावी लागते. लावणीच्या दिवसांत चिखलात उतरलेल्या माणसाला ताप आला तर तो लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा असू शकतो. दोडामार्ग-सावंतवाडीच्या जंगलपट्ट्यात २०१६ पासून गोचिडीतून पसरणारा माकडतापही आहे, तो काजूच्या हंगामात, साधारण जानेवारी ते मे या काळात दिसतो. ‘इंजेक्शनाचोच ताप असतलो’ म्हणत चार दिवस घरात काढले तर महागात पडेल. तीन दिवसांत ताप उतरला नाही, किंवा इंजेक्शननंतर आठवड्याने आला, तर तो इंजेक्शनचा नाही. लघवी कमी झाली, डोळे लाल-पिवळे दिसले, पोटऱ्या फार दुखल्या तर तिसऱ्या दिवसाचीही वाट बघू नका. म्हणून जमेल तिथे मी ही सलाईन पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आसपास ठेवतो.

झोलेड्रोनिक चालत नसेल तर? मूत्रपिंड कमजोर असेल तर डेनोसुमॅबचा विचार होतो. ६० मिलिग्रॅम, कातडीखाली, दर सहा महिन्यांनी. पोटाला काही नाही, औषध चांगलं. पण हे इंजेक्शन हाडात साठून राहत नाही. तारीख चुकली आणि सात महिन्यांच्या पुढे गेलं की दाबून ठेवलेली झीज उसळी मारते आणि एकामागून एक मणके दबू शकतात. २०२० च्या टाळेबंदीत जगभरच्या डॉक्टरांना याच तारखांची झोप उडवणारी काळजी होती. आमच्याकडच्या म्हाताऱ्या चार महिने मुंबईला मुलाकडे, चार महिने गावात, मध्येच मुलीच्या बाळंतपणाला. अशा घरात तारखेची जबाबदारी घेणारं एक माणूस नक्की असेल तरच मी डेनोसुमॅब सुरू करतो. आणि ते ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मध्येच सोडता येत नाही. सोडायचंच झालं तर मागोमाग दुसरं औषध द्यावं लागतं.

टेरिपॅराटाइड हे वेगळ्या जातीचं, ते झीज थांबवण्यापेक्षा नवं हाड बांधतं. रोज पोटावर किंवा मांडीवर २० मायक्रोग्रॅमची सुई, जास्तीत जास्त दोन वर्षं. मणके आधीच दबलेले असतील तर मी यालाच आधी हात घालतो. अडचण दोन ते आठ अंश तापमानाची. जून-जुलैत आमच्याकडे झाड पडून दोन-दोन दिवस वीज नसते, तेव्हा पेन कुठे ठेवणार हे आधी ठरवावं लागतं. रालॉक्सिफेनची गोळी अन्ननलिकेला लागत नाही, मणक्याला मदत करते, पण खुब्याला नाही, आणि पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढवते. वरचेवर रात्रभर गाडीत बसून मुंबईला जाणाऱ्या, पाय सुजणाऱ्या ६८ वर्षांच्या बाईला मी ती देणार नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पॅन्टोप्राझोल, ओमिप्राझोल, रॅबेप्राझोल ही कुळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत फ्रॅक्चरचं प्रमाण थोडं जास्त दिसतं, हे खरं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये तशी सूचनाही दिली. पण तो धोका लहान आहे, आणि या गोळ्या घेणारी माणसं मुळातच जास्त आजारी असतात हाही त्यातला एक भाग. ‘पोखरते’ हा शब्द फार झाला. मला जास्त खटकतं ते हे, की दहा वर्षांत कोणी एकदा तरी थांबून विचारलं का, ही गोळी अजून लागते का? आपल्याकडे ती मेडिकलमधून चण्या-फुटाण्यासारखी घेतली जाते.

आत्ता मात्र ती बंद करू नका. अन्ननलिका दुखावली असण्याची शक्यता असताना तिचीच ढाल काढून घेणं बरं नव्हे, आणि अचानक बंद केली की आम्ल उलट उसळतं. जखम भरायला या गोळीचे साधारण आठ आठवडे लागतात, मात्रा तुमचे डॉक्टर ठरवतील. ती न्याहारीच्या किंवा जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. बहुतेक जण जेवून घेतात आणि म्हणतात, गुण नाही. जळजळ रात्रीची असेल तर ती रात्रीच्या जेवणाआधी हलवता येईल का, हे विचारा. सगळं शांत झालं की हळूहळू मात्रा उतरवायची. ज्यांची सुटत नाही त्यांची सुटत नाही, त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

आणि कॅल्शियमची पट्टी उलटून बघा. त्यावर कॅल्शियम कार्बोनेट असेल तर ते पचायला पोटात आम्ल लागतं, जे आपण पित्ताच्या गोळीने कमी करून ठेवलंय. शिवाय त्याने पोट फुगतं, बद्धकोष्ठ होतं. कॅल्शियम सायट्रेटला आम्ल लागत नाही. नुसत्या या बदलाने काही जणींची निम्मी तक्रार जाते. कॅल्शियमची तेवढी गोळीही लागेलच असं नाही. अन्न आणि गोळी मिळून दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. काट्यासकट खाल्लेली तारली, मांदेली, सुका जवळा आहेच. शाकाहारी घरात दूध-दही आणि तीळ.

यात एक दुष्टचक्र असतं, म्हणून ते वेगळं सांगतो. सासूबाईंची उंची मोजा. पूर्वी ज्या फळीवरचा डबा सहज काढायच्या, तो आता हाताला येत नाही का? पाठीला पोक आलंय का? तरुणपणीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त उंची घटली असेल तर कण्याचा बाजूने एक्स-रे काढायला सांगा. मणके न दुखता, नकळत दबतात. मणके दबले की पाठ वाकते, बरगड्या पोटावर टेकतात, जठर वर ढकललं जातं आणि घशाशी येणं वाढतं. म्हणजे काहींचं ‘पित्त’ हे हाडांच्या दुखण्याचंच एक टोक असतं. आणि एक्स-रेत दबलेले मणके निघाले तर औषधाची निवडही बदलते, मग सलाईनऐवजी टेरिपॅराटाइडचं बोलणं आधी निघेल.

खाण्याबद्दल मी फार सोवळं पाळत नाही. माशाची आमटी बंद करा म्हटलं की माणूस औषधही बंद करतं. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी उरका, ताटात भाताचा डोंगर नको, एवढ्यावर माझा जोर. सोलकढी पित्तावर चांगली म्हणून रात्री दोन वाट्या पिणाऱ्या आहेत. काहींना सोसते, काहींना कोकमाचा आंबटपणा आणि नारळाच्या रसाचा जडपणा रात्री वर येतो. आठवडाभर रात्रीची सोडून बघा, उत्तर घरातच मिळेल. उशाखाली उशा रचू नका, त्याने पोट दुमडतं. खाटेचे डोक्याकडचे पाय लाकडी ठोकळ्यांवर सहा ते आठ इंच उचला आणि डाव्या कुशीवर झोपायला सांगा. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनीही जठराच्या तोंडाची झडप सैल पडते. ती चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, स्वतः बंद करू नका.

मांडीबद्दल एक शब्द. ही औषधं पुष्कळ वर्षं घेतल्यावर क्वचित मांडीचं हाड साध्या हालचालीत मोडतं, आणि त्याआधी काही आठवडे मांडीत किंवा जांघेत ठसठस असते. म्हणून ती सलाईन तीनेक वर्षं, गोळी पाचेक वर्षं झाली की थांबून फेरविचार करतात. तुम्ही त्या मुक्कामापासून खूप लांब आहात, आज त्याच्या भीतीने औषध टाळू नका.

या आठवड्यात एवढं करा. कपाटातली पट्टी, पॅन्टोप्राझोल, कॅल्शियम, रक्तदाबाच्या, दुखण्याच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा, डेक्साचा कागद घ्या, आणि ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांच्याकडेच जा. सांगायला लाजू नका. ‘तीन घेतल्या, अशा घेतल्या, असं झालं, मग सोडल्या’ हे एवढं त्यांना पुरेसं आहे. गिळताना दुखत असेल तर तेच वाक्य पहिलं. क्रिएटिनिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व तपासून सलाईन चालेल का, हे तुम्हीच विचारा. गर्दीच्या ओपीडीत ते राहून जाऊ शकतं. परसदारची ती पायरी मात्र कोणाची वाट न बघता ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्या आणि बाजूला धरायला एक बांबू ठोका.

सलाईन ठरली तर कालनिर्णयवर पुढच्या वर्षीच्या तारखेची खूण आजच करा, आणि ती गणपतीच्या आदल्या आठवड्यात येत नाही ना तेवढं बघा. घर चाकरमान्यांनी भरलेलं असताना सासूबाई दोन दिवस तापाने पडल्या, तर मोदक तुम्हाला एकटीला वळावे लागतील.